मोंवेरचं भरलेलं पिंप

रविवारी सकाळी बाझिल मोनिए अंगणात दोन सायकली धूत बसला होता आणि दोन्ही सायकली त्याला दाद देत नव्हत्या. आदल्या दिवशी मोंवेरच्या द्राक्षमळ्यांत भर दुपारी वादळी पाऊस झाला होता. तिथली निळसर चिकणमाती एकदा ओली झाली की चाकाला, बुटाला, साखळीला जी धरते ती सोडायचं नाव घेत नाही.

"पाणी नको मारूस, काडीने खरवड," खिडकीतून ओदिल म्हणाली. "दर वर्षी तेच सांगायचं का तुला?"

"दर वर्षी मी तेवढाच दमलेला असतो," बाझिल म्हणाला.

ओदिल क्रेतने ही पोलिनी गावात खासगी तपासाची कामं करायची. विम्याची भांडणं, भावाभावांतले वाद, न सांगता निघून गेलेली माणसं. बाझिल जन्मभर कोंते चीजच्या कोठारात राबून निवृत्त झाला होता आणि आता तिच्याबरोबर हिंडायचा. खडीच्या वाटांवर चालणाऱ्या त्या जाड टायरांच्या सायकलींचं वेड त्याला तिनेच लावलं होतं. चढ आला की ती पुढे आणि तो मागे. डोकं चालवायची वेळ आली तरी क्रम तोच. बाझिलला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पुढे चाललेली तिची ताठ पाठ दिसली की आपणही वर पोचू असा त्याला धीर यायचा.

फाटकाशी एक जुनी पांढरी गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून इर्मा झाकमे उतरली. पंच्याहत्तरीची, काटक, रविवार असूनही कामाच्या कपड्यांत. काल सगळ्यांनी हिच्याच घरी सूप प्यायलं होतं. दर ऑक्टोबरला, द्राक्षं उतरवून झाली की, शेसव्वाशे सायकलवाले मोंवेरच्या मळ्यांमधल्या कच्च्या वाटांनी दिवसभर फिरतात. शर्यत नाही, नंबर नाही. दुपारचा थांबा इर्माच्या तळघरात.

"सूप बाधलं का बघायला आलात, मादाम झाकमे?" बाझिलने विचारलं.

इर्मा हसली नाही. "माझं पिंप कोणीतरी भरलंय," ती म्हणाली.

बाझिलच्या हातातली काडी खाली पडली.

दुसऱ्या कुठल्या मुलखात हे वाक्य ऐकून कोणी दचकलं नसतं. वाइनचं पिंप सगळीकडे काठोकाठ भरलेलंच ठेवतात. जरा उणं झालं की वरून भर घालतात, नाहीतर हवा लागून वाइन नासते. ज्युराच्या टेकड्यांवर मात्र पिवळ्या वाइनच्या पिंपाला कोणी हात लावत नाही. सहा वर्षं आणि वर काही महिने ते पडून राहतं. आतली वाइन हळूहळू उडत जाते आणि रिकाम्या झालेल्या जागेत तिच्यावर, दुधावर साय धरावी तसा, पातळ पांढरा पडदा धरतो. जी काही जादू होते ती त्या पडद्याखाली. वरून वाइन ओतली की पडदा बुडाला.

"लेओंसचं पिंप?" ओदिल तोवर बाहेर आली होती.

"त्याचंच."

लेओंस म्हणजे इर्माचा नवरा. ते त्याच्या हातचं शेवटचं पीक होतं. येत्या हिवाळ्यात ते बाटल्यांत उतरवायचं होतं.

"कोणी केलं ते मला ठाऊक आहे," इर्मा म्हणाली. "आल्बानने. तुम्ही फक्त तसं सिद्ध करून द्या. उद्या वकिलाकडे मळा तिच्या नावावर करायचा होता. आता तो शेजारच्या बुव्रेला कसायला देते, आणि पोरीने आपली वाट धरावी."

आल्बान ही लेओंसच्या भावाची मुलगी. लेओंस वारल्यापासून मळा तीच बघत होती. तिच्या राबण्याबद्दल मोंवेरमध्ये कोणी वाकडा शब्द काढला नसता.

"तिने असं का करावं?" ओदिलने विचारलं.

"महिन्यापूर्वी जेवताना म्हणाली, काकू, ही अर्धी रिकामी पिंपं कुरवाळत बसायचे दिवस गेले, भरून टाकायला हवीत सगळी. बुव्रे होता टेबलावर, विचारा त्याला. तिला ती हल्लीची, भरल्या पिंपातली ताजी वाइन करायचीय ना. मी नाही म्हटलं. त्याचा हा सूड."

"चला, बघू या," ओदिल म्हणाली. "तुम्ही गाडीने व्हा पुढे. आम्ही सायकलने येतो."

"पुन्हा?" बाझिल म्हणाला. पण तो बूट चढवायलाही लागला होता.

पोलिनी सोडून ते द्राक्षांच्या ओळींमधून वर निघाले. पानं पिवळी पडायला लागली होती. वाट कालच्या पावसाने फुटलेली, मध्येच चुनखडीची पांढरी खडी, मध्येच निळा चिखल. खडीवर चाकांचा करकर आवाज यायचा आणि चिखलात तो एकदम बंद व्हायचा. या उतारांवर ट्रॅक्टरही जपून चालतो. माणसांनी गुडघे टेकून पिढ्यान्‌पिढ्या ही जमीन जागेवर धरून ठेवली आहे. पावसाने माती खाली वाहून आली की पाठीवर टोपल्या घेऊन ती पुन्हा वर नेऊन टाकायची, असं बाझिलच्या आईच्या माहेरी चालायचं. दरवेळी इथून जाताना त्याला त्या माणसांपुढे टोपी काढावीशी वाटायची. चढावर हँडल सोडता येत नाही म्हणून तो ती काढत नसे.

तळघराचं दार अंगणात उघडायचं. दुसरं दार नाही आणि वर घरात जायला आतून जिनाही नाही.

"काल संध्याकाळपासून कोणाला आत सोडलं नाही," इर्मा म्हणाली. "झाडलंसुद्धा नाही."

ते दिसतच होतं. दारापासून मधल्या लांब टेबलापर्यंत फरशी बुटांच्या निळ्या ठशांनी भरली होती. पलीकडे मागच्या भिंतीशी पिंपांची रांग. तिथली फरशी मात्र कोरडी आणि स्वच्छ होती. ओदिल खाली वाकून बराच वेळ नुसती फरशीच बघत राहिली.

लेओंसचं पिंप रांगेत शेवटचं होतं, इतरांपेक्षा लहान. बाकीच्या पिंपांवर खडूने एकेक अक्षर आणि वर्ष लिहिलं होतं. पिवळीचं अक्षर वेगळं, तांबडीचं वेगळं, साध्या पांढरीचं वेगळं. या पिंपावर नुसतंच वर्ष होतं. अक्षराच्या जागी ओल्या फडक्याचा पुसट डाग.

"बघा," इर्मा म्हणाली. "खूणसुद्धा पुसून टाकली."

बाझिलने बोटाच्या पेराने पिंपावर ठोकलं. आवाज ठस्स आला, वरपर्यंत.

"मी रोज सकाळ-संध्याकाळ ठोकते," इर्मा म्हणाली. "लेओंसला हाक मारल्यासारखं. काल सकाळी पोकळ वाजलं होतं. संध्याकाळी वाजलं ते हे असं. बूच मी नुसतं टेकवून ठेवते. आता ते निघतसुद्धा नाही."

बूच ठोकून पार आत बसवलं होतं. त्याच्या डोक्यावर एक काळसर फराटा होता. भोवतालचं लाकूड मात्र कोणीतरी नीट पुसून घेतलं होतं, एक थेंबही वाळलेला नव्हता. शेजारी वेताच्या टोपलीतला काचेचा मोठा बुधला दोन विटांवर उपडा घातलेला होता, आतून लख्ख.

"यात काय होतं?"

"त्याच वर्षाची वाइन, पिंपात न मावलेली. मी कोंबडी शिजवायला घेते. त्यावरही वर्ष लिहिलेलं आहे, बघा. तीच ओतली रांडेच्याने." इर्मा थांबली. "माफ करा. रांडेचीने."

"बुधला तुम्ही असा उपडा घालता?"

"मी तो कधी रिकामाच होऊ देत नाही."

"तळघर रिकामं कधी होतं?"

"पाऊस यायच्या आधी इथे मुंगी शिरायला जागा नव्हती. वीज कडाडली तशी मी सगळ्यांना वर स्वयंपाकघरात बोलावलं. पाऊस थांबल्यावर पुन्हा गर्दी. म्हणजे जे झालं ते पाऊस असतानाच. तेव्हा खाली फक्त तो सायकली दुरुस्त करणारा रेमी होता, सकाळपासून मागच्या कोपऱ्यात. सूपसुद्धा प्यायला आला नाही बिचारा. त्याच्याकडे कशाला बघता? तो पहिल्यांदाच आलाय इथे. त्याला काय ठाऊक कशात काय आहे ते."

बाझिलला आठवलं. तो स्वतः भिजून चिंब होऊन आला होता, सायकल रेमीच्या हवाली करून वर पळाला होता आणि सूपचे तीन वाडगे प्यायला होता. तिसरा त्याने ओदिलपासून लपवला होता.

आल्बान त्यांना वरच्या चढावर सापडली. फेरीसाठी लावलेले लाकडी बाण ती काढत होती. तिशीची, उन्हाने रापलेली, केस रुमालात बांधलेले. सायकल बांधाला टेकवलेली. पायातले बूट घोट्यापर्यंत निळ्या चिखलाने माखून वाळलेले होते.

"काकूंनी पाठवलं?" तिने विचारलं. "आधीच सांगते, मी नाही केलं. आणि दुसऱ्यांदा सांगणार नाही."

"काल पावसात तू कुठे होतीस?"

"इथेच. मी सगळ्यांच्या मागून येते ना, कोणी मागे राहू नये म्हणून. शेवटचे चौघं या चढावर रुतले. त्यांची चाकं फिरेनात. दोन सायकली मी खांद्यावर घेतल्या. त्यांतला एक पार लिमोजहून आलेला, मला विचारतो, ही माती आहे का सिमेंट? मी म्हटलं, प्यायला बसशील तेव्हा हिला नावं ठेवणार नाहीस."

बाझिल हसला. आल्बानसुद्धा हसली असती, पण तिने आवरलं.

"खाली कधी पोचलीस?"

"पाऊस थांबून गेल्यावर. तळघराच्या दारात आले, स्वतःचे बूट बघितले आणि मागे फिरले. आत चिखल आणला तर काकू झाडूने मारतात."

"पिंपावरचं अक्षर कोणी पुसलं?" ओदिलने सहज विचारावं तसं विचारलं.

आल्बानने हातातला बाण जमिनीवर ठेवला. "मी. काल सकाळी."

"का?"

"ते काकूंना सांगेन. त्यांनी विचारलं तर." तिने पुढचा बाण उपटला. "सहा वर्षं या मळ्यात वाकले मी. त्यांनी एका संध्याकाळात ठरवूनही टाकलं. विचारायलासुद्धा आल्या नाहीत हो."

उतारावर बाझिल म्हणाला, "खूण तिनेच पुसली. मला वाईट वाटतंय, पण..."

"पण काय?"

"पण अवघड आहे तिचं."

"ब्रेक लाव," ओदिल म्हणाली. "पुढे वळण आहे."

ओक्ताव बुव्रे आपल्या ट्रॅक्टरखाली झोपला होता. दोघांची चाहूल लागली तशी आधी त्याचे बूट बाहेर आले, मग पोट, मग मिशा. बुटांच्या तळाला मोठमोठे खिळे होते.

"आणखी सायकली," तो म्हणाला. "काल पुरल्या नाहीत वाटतं."

"मादाम झाकमेंचा मळा तुम्हाला मिळणार म्हणे," ओदिल म्हणाली.

"मिळाला तर घेईन. आपणहून मागायला जाणार नाही. पोरगी चांगली राबते." त्याने हात पुसले. "बोलली होती ती तसं, खोटं कशाला बोलू. पण तिच्या वयाला मी तर बापाचं तळघरच पेटवून देईन म्हणालो होतो. अजून उभं आहे ते."

"काल पावसात तुम्ही कुठे होता?"

"मळ्यात होतो. धावत त्यांच्याकडे गेलो. तळघरात शिरलो, टेबलावरचा चीजचा एक तुकडा उचलला आणि वर गेलो."

"केवढा तुकडा?"

"म्हातारीला सांगू नका. बराच."

"आत कोण होतं?"

"तो सायकलवाला. पाठमोरा, वाकून काहीतरी धूत होता. मी हाक मारली नाही, तोंड भरलेलं होतं."

फाटकाबाहेर आल्यावर बाझिल म्हणाला, "हा गोड बोलतो, पण फायदा याचाच आहे."

"याच्या बुटांचे खिळे तळघरात कुठपर्यंत उमटले होते ते आठव," ओदिल म्हणाली आणि पेडल मारत निघून गेली. बाझिलला काही आठवेना. तो बुटांपेक्षा चीजच्या तुकड्याचा विचार करत होता.

गावच्या चौकात रेमी कोलार दुपारच्या मुलाबाळांच्या फेरीसाठी सायकली तयार करत होता. पन्नाशीचा, उंच, हसतमुख माणूस. बर्गंडी या शेजारच्या वाइनच्या मुलखातला, नदीपलीकडच्या एका खेड्यातला. काल त्याने कितीतरी जणांच्या सायकली नीट केल्या आणि एकाकडूनही काही घेतलं नाही, हे चौकात जो तो सांगत होता.

"बाझिल, मागचं चाक दे बघू," तो लांबूनच म्हणाला. त्याने चाक काढलं, कानाशी नेऊन हलवलं. "चीक कमी झालाय." काटा रुतला तर भोक आपोआप बुजावं म्हणून या टायरांत पांढरा चीक घालतात, तो त्याने बाटलीतून आत सोडला.

"अरे, कालच घातलास की."

"थोडी जागा राहिली होती. कुठे पोकळ आवाज आला की मला चैन पडत नाही. आजोबांनी लावलेली खोड." चाक बसवून त्याने आसावर रबरी हातोड्याचा एक हलका ठोका दिला. मागे ठेवलेल्या पाण्याच्या पत्र्याच्या डब्यावर बोटाचं पेर वाजवलं. "हाही तीन बोटं उणा आहे," असं म्हणून तो नळाकडे नेला. रिकामे डबे धुऊन कट्ट्यावर ओळीने उपडे घातलेले होते.

बाझिलने चाकाच्या चकचकीत आसावर आलेला काळा फराटा अंगठ्याने पुसला.

"आजोबांचंही सायकलचं दुकान होतं?" ओदिलने विचारलं.

"छे. त्यांचं काम वेगळं. सायकली माझ्या डोक्यात शिरल्या, घरचे अजून नावं ठेवतात."

"काल पावसात पिंपांपाशी कोणी आलं होतं?"

"कोणीही नाही. मी एकटाच होतो." त्याचा चेहरा उतरला. "का? काही चोरीला गेलं का हो बाईंचं?"

"एक थेंबही गेला नाही."

"मग बरं. फार भली बाई आहे. एकटीने एवढं सांभाळायचं म्हणजे काय खाऊ आहे? हात कमी पडणारच."

"फेरी झाली की या त्यांच्याकडे," ओदिल म्हणाली.

"येणारच. त्यांचं स्टूल राहिलंय माझ्या गाडीत."

दुपार कलली तेव्हा इर्माच्या स्वयंपाकघरात सगळे जमले. टेबलावर अक्रोड, पाव, सॉसेज आणि कोंतेची फोड. बुव्रेने त्या फोडीकडे पाहायचं टाळलं. आल्बान दाराशीच उभी राहिली, बूट बाहेर काढून, मोज्यांवर. रेमी स्टूल घेऊन आला आणि त्याच स्टुलावर बसला.

"बोला," इर्मा म्हणाली. "पुरावा आहे ना?"

"आहे," ओदिल म्हणाली. "फरशीपासून सुरू करू. हे काम पावसातच झालं, ते तुम्हीच सांगितलंत. त्या वेळी अंगणातून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या पायाला निळी माती होती. टेबलापर्यंत ठसेच ठसे आहेत. मस्यू बुव्रेंच्या बुटांचे खिळे टेबलापर्यंत येतात आणि तिथूनच मागे फिरतात."

"टेबलाशी काय काम होतं तुझं?" इर्माने विचारलं.

"पाऊस बघत होतो," बुव्रे म्हणाला.

"पिंपांपाशी मात्र मातीचा कणही नाही," ओदिल पुढे म्हणाली. "आल्बान पाऊसभर वरच्या चढावर होती. दाराबाहेर तिचे बूट आहेत, ते बघा. ते घालून ती पिंपाशी गेली असती तर पाऊलन्‌पाऊल दिसलं असतं."

"पुसलं असेल तिने," इर्मा म्हणाली, पण जरा हळू.

"टेबलापर्यंतची फरशी तशीच ठेवून? बरं, तेही सोडा. माणूस सूड घेतो तेव्हा कसा घेतो? ओततो आणि पळतो. इथे ज्याने कोणी ओतलं त्याने एक थेंब सांडू दिला नाही. पिंप पुसलं. बूच घट्ट बसवलं. बुधला धुतला आणि निथळायला उपडा घातला. मादाम, एवढी माया कोणी रागात करतं का? ज्याने हे केलं त्याला तुमची वाइन बुडवायची नव्हती. वाचवायची होती."

"आता वाइन वाचवायला पिंप कोण भरेल? आल्बान नाही, बुव्रे नाही, बाझिलसुद्धा नाही. पिवळीला धक्का लावायचा नाही हे इथे पोरांनाही कळतं. भरेल तो दुसऱ्या मुलखातला माणूस, तळघरात वाढलेला. उणं पिंप म्हणजे मरणारी वाइन, हे ज्याच्या हाडात मुरलंय असा. शेजारी त्याच वर्षाचा बुधला दिसला की तो भर घालायलाच ठेवलाय असं समजणारा. जो पाऊस यायच्या आधीपासून आत होता, म्हणून ज्याचे बूट कोरडे होते. जो पोकळ आवाज आला की अस्वस्थ होतो, डबे बोटाने वाजवून बघतो, धुऊन उपडे घालतो. ज्याच्याकडे रबरी हातोडा आहे. त्याचा काळा फराटा बुचावर आहे, आणि बाझिलच्या सायकलीवरही होता. बाझिलने तो अंगठ्याने पुसला. जन्मभर चीज ठोकून आत काय आहे ते ओळखणारा माणूस, आणि समोर दुसरा ठोकतोय ते याला दिसलं नाही."

बाझिलने अंगठ्याकडे पाहिलं. अजून काळा होता.

रेमी स्टुलावरून उठला होता. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, नुसती, काय चुकलं ते न उमगलेली भीती होती. "मी भरलं," तो म्हणाला. "होय, मीच. धुतलेलं चाक टेकवायला गेलो आणि पिंप पोकळ वाजलं. बूच काढलं तर वर पांढरी बुरशी धरलेली. आमचे तळघर सांभाळणारे आजोबा असते तर रात्रभर झोपले नसते. म्हटलं, बाई एकट्या, राहून गेलं असेल. बुधल्यातली चाखून बघितली, छान होती, घातली. सांगितलं नाही, कारण उपकार दाखवल्यासारखं झालं असतं." त्याने सगळ्यांकडे पाहिलं. "ती पिवळी होती का?"

आल्बानने मान हलवली. तेवढ्यानेच त्याला कळलं. तो पुन्हा खाली बसला आणि त्याने तोंड दोन्ही हातांत घेतलं.

"पिवळीचं नाव आम्हीही ऐकलंय हो," तो हातांआडून म्हणाला. "पण त्यावर अक्षर नव्हतं. मी पाहिलं होतं. सगळ्यांवर होतं, त्यावर नव्हतं."

इर्मा हळूहळू दाराकडे वळली.

"अक्षर का पुसलंस?" तिने विचारलं. काल संध्याकाळपासून पुतणीला तिने विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"शंभर माणसं येणार होती, काकू," आल्बान म्हणाली. "त्यांना वाइनमधलं कळतं. पिवळीचं अक्षर दिसलं की कोणीतरी तोटी फिरवून चाखणार, दर वर्षी कोणीतरी चाखतंच. काकांचं पिंप तेवढं वाचावं म्हणून पुसलं. साधी वाइन समजून कोणी वळून बघणार नाही, असं वाटलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बोलू कुठे दिलंत?"

टेबलावरचे अक्रोड इर्माने उगाचच एका बाजूला सारले. चूक झाली की ती कबूल करायला या बाईला किती लांबून यावं लागत असेल ते बाझिलला दिसत होतं, आणि ती येत होती हेही दिसत होतं.

"पडदा बुडाला," ती अखेर म्हणाली. "गेलं ते."

"नाही गेलं," आल्बान म्हणाली. "एकच दिवस झालाय. खालच्या तोटीने हळू उतरवून घेऊ, वर जागा करू. पिंप न हलवता. पडदा पुन्हा धरतो, काकू. मी पाहिलंय. कदाचित आणखी दोन हिवाळे थांबावं लागेल. त्याला पिवळी म्हणता येईल का नाही, ते चाखल्यावर बघू."

"ती भरलेली पिंपं हवी असणारी मुलगी तू."

"माझी भरलेली हवीत. हे काकांचं आहे."

खाली तळघरात उतरताना इर्माने कोणाला बूट काढायला सांगितलं नाही. बूच मात्र तिने स्वतः काढलं नाही. ते रेमीने काढलं, आपल्याच हातांनी, तसूतसूने सैल करत, आणि सबंध वेळ त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आल्बान तोटीपाशी गुडघे टेकून बसली. बुधल्यात बारीक धार पडत राहिली. एवढी बारीक की आवाजसुद्धा येत नव्हता. बाझिलने असं जपून केलेलं काम फार थोड्या वेळा पाहिलं होतं. चीजच्या कोठारात एक म्हातारा होता, त्याचे हात असे होते.

बुधला भरला तशी इर्मा पुढे झाली आणि तिने पिंपावर बोट वाजवलं. वरून पोकळ आवाज आला. तिने आणखी एकदा वाजवलं.

मग कोनाड्यातला खडू काढून तिने आल्बानच्या हातात दिला. आल्बानने पिवळीचं अक्षर जिथे होतं तिथेच पुन्हा काढलं.

वर आल्यावर इर्माने साध्या पांढरीची बाटली उघडली. रेमीच्या पेल्यात तिने निम्म्याहून थोडी कमी ओतली आणि हात थांबवला.

"इथे रिकामी जागा ठेवतात," ती त्याला म्हणाली. "पुढल्या वर्षी येशील तेव्हा लक्षात ठेव."

"पुढल्या वर्षी?" रेमीने विचारलं.

"मग सायकली काय बुव्रे नीट करणार?"

बुव्रेने तेवढ्यात चीजचा तुकडा उचलला. ओदिलने बाझिलकडे पाहून भुवई उडवली. उजेड आहे तोवर निघायला हवं होतं आणि वाटेत तो चढ पुन्हा होताच.

आल्बान दाराशी वाकून बूट चढवत होती. निळा चिखल दगडासारखा वाळला होता. पायरीवर आपटून तो झाडायला तिने पाय उचलला.

"राहू दे," इर्मा आतून म्हणाली. "उद्या वकिलाकडे हेच बूट घालून ये. आणि पुसू नकोस."